पाणी इथवर आलं होतं

“खिळा दिसतोय ना? तिथंच बसव,” म्हातारा बाल्तासार काठीनं भिंत ठोकत म्हणाला. “बोटभरही खाली-वर नको.”

सालुद शिडीवर चढली. भिंतीचा नवा गिलावा अजून ओलसर होता आणि त्यात वर एकच खिळा. म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्याला खिळाच काय, भिंतही धड दिसत नव्हती.

जुनी टाईल कैक वर्षांपूर्वी फुटली होती; ही नवी तिनंच भाजली होती. पांढऱ्यावर निळी अक्षरं. पाणी इथवर आलं होतं. खाली पुराचं साल. त्रियानात नदीकाठच्या भिंतीभिंतीवर अशी टाईल असते. माळा कुठं टाकायचा, पलंग कुठं ठेवायचा, सगळं तिच्यावरून ठरतं. लोक एक वेळ पाद्र्याचं ऐकणार नाहीत, टाईलचं ऐकतात.

त्याच पुरात, ह्याच गोदामात सालुदचा बाप मेला होता.

अख्खी गल्ली सांगायची, तेलाची पिंपं सांभाळायला बाल्तासारनं त्याला आत ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. पाणी ओसरल्यावर बाप माळ्यावर सापडला. छपराशी झटून झटून नखं तुटलेली. आई त्या धक्क्यानं वर्षभरात गेली. धाकट्या इसिदोरोला सालुदनंच वाढवलं, टाईली रंगवून.

तिनं खिळा उपटला. भोक बोटानं बुजवलं. आणि टाईल चांगली हातभर खाली बसवली.

“लागली?”

“लागली, मालक.”

“खिळ्यापाशीच ना?”

“खिळा काढला. आता त्याचं काय काम?”

“हात अगदी बापाचा आहे तुझा,” म्हातारा हसला. “तोसुद्धा असाच झटपट लावायचा.”

हातातली थापी त्याच्या टकलावर मारावी असं तिला वाटलं. ती शिडी उतरली.

पुढच्या आठवड्यात सुतार आला. रिवाजाप्रमाणं टाईलच्या वर एक वीत सोडून त्यानं नवा माळा टाकला. जुना वाळवीनं खाल्ला म्हणून आधीच पाडला होता. माळ्यावर पिंपं गेली, म्हाताऱ्याचा पलंगही गेला. बायको वारल्यापासून तो गोदामातच राहायचा.

इसिदोरो त्याच्याकडेच कामाला होता, बंदरावरच्या जहाजांत तेल चढवायला. ह्यावरून घरात रोज भांडण.

“बापाला मारलं त्याचाच पगार खातोस. लाज वाटते का?”

“कुणी बघितलं गं, ताई? गल्लीतल्या बायका तर म्हणतात, गिराल्दाच्या मिनारावर सैतान नाचतो. त्याला पण पगार मिळतो का बघ जरा.”

“दात काढू नकोस.”

“बरं, एक सांग. ती टाईल आधी जरा वर होती ना?”

सालुद कांदा चिरत होती. सुरी थांबली नाही.

“तू केवढासा होतास तेव्हा. लहानपणी सगळंच उंच दिसतं.”

“ते पण खरंच,” तो म्हणाला आणि पाव तोडून खायला लागला.

ती वाट बघत राहिली. एक हिवाळा कोरडा गेला, दुसराही. तिसऱ्या हिवाळ्यात आभाळ फाटलं. कोर्दोबाहून तार आली, नदी फुगलीय, सांभाळा. काठावरच्या सोनेरी बुरुजाच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या. पुलाखालून झाडं, कोंबड्यांची खुराडी, एक मेलेलं खेचर, सगळं वाहत चाललं होतं.

सालुदनं भावाच्या हातात सॉसेजची पिशवी कोंबली. “मावशीकडे जा, पलीकडं. तिचं घर उंचावर आहे. मला टाईली वरच्या मजल्यावर हलवायच्यात.”

“आणि मालक? त्यांना दिसत नाही गं.”

“मालकाचं मालक बघेल. माझी शपथ आहे तुला.”

तो कुरकुरत निघाला. पुलाच्या पार टोकाला तो दिसेनासा होईपर्यंत ती बघत उभी राहिली. मगच हलली.

दुपारपर्यंत सगळी गल्ली सांता आनाच्या देवळात गोळा झाली. पाणी देवळाच्या पायरीला लागलं. म्हणजे गोदामातली टाईल कधीच बुडाली. माळाही. सालुदनं एक मेणबत्ती लावली.

“बाबा,” ती पुटपुटली, “आज फिटलं.”

तेवढ्यात दारात होडी लागली. दोघांनी उचलून एका माणसाला आत आणलं. अंगावर घोंगडी, हातात काठी. बाल्तासार. गुडघ्याखालीच काय तो भिजलेला.

सालुद मेणबत्तीपासून वळली. “तुम्ही... तुम्ही माळ्यावर नव्हता?”

“कोण, सालुद? छे गं. त्या पुरापासून मी टाईलवर भरवसाच ठेवत नाही. नदीचा आवाज बदलला की मी बाहेर.” तो बाकावर टेकला. “तुझ्या बापाला पण हाताला धरून ओढत होतो मी तेव्हा. ऐकेल तर शप्पथ. आधीच्या पुराची टाईल त्यानंच लावलेली. म्हणाला, मालक, तुम्ही व्हा पुढं, माझ्या हातची टाईल आहे, पाणी तिच्यावर जात नाही. पिंपं वाहून जाऊ नयेत म्हणून आतून कडीसुद्धा त्यानंच घातली.”

“खोटं बोलताय.”

म्हातारा चाचपडत तिचा हात शोधत राहिला.

“आता तू माझ्यावर चिडू नकोस, पोरी. आज इसिदोरोलाही मी किती ओढलं, किती शिव्या घातल्या. अर्ध्या वाटेतून परत आला होता, माझ्यासाठी. मला होडीत बसवलं आणि स्वतः पिंपं बांधायला आत गेला. कडी लावताना हसत होता गं. म्हणाला, मालक, काळजी करू नका, माझ्या ताईच्या हातची टाईल आहे.”