स्वच्छ टाचा

यंदा वाइनची द्राक्षं पायांनीच तुडवायची, असं आजीने ठरवलं.

"मोजे काढ आणि उतर हौदात, जावईबापू! शहरात राहून पाय मऊ पडलेत का बघू."

माझा होणारा नवरा, बाकीस, हसत उतरला. तो मूळचा शेजारच्याच गावचा. माझ्या आधीच्या मित्राला आजीने मिलानचा, समुद्रापलीकडचा म्हणून उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं.

ती वाकून बाकीसच्या टाचा निरखत होती. कोलेस्टेरॉलचा आमचा आजार टाचेमागच्या शिरेवर पिवळ्या गाठी उठवतो. आजीची दोन मुलं, एलिओमामा आणि रिमेदियामावशी, त्यातच तिशीच्या आत गेले. आमच्या सार्डिनिया बेटावर असं प्रत्येक गावात कुणीतरी आहे, समुद्रापलीकडे क्वचितच.

"स्वच्छ आहेत गं! आता कशाला तोंड पाडून बसलीस?"

"माझ्याही स्वच्छच आहेत, आजी. तरी तपासणीत दोष निघाला. तो लपून राहतो, टाचेवर दिसत नाही. नवरा-बायकोपैकी एकाच्याच रक्तात असला तर मुलांनाही बाधत नाही. दोघांच्याही असला तर मुलांना गाठी येऊ शकतात. त्याचंही रक्त तपासू या."

"रक्त कसलं तपासतेस! आम्ही पिढ्यान्पिढ्या टाचाच बघत आलो."

"आजोबांच्या बघितल्या होत्यास?"

"मी नाही, माझ्या आईने. ह्याच हौदात. लोण्यासारख्या होत्या, म्हणून तर आमचं लग्न लावलं..."

आजीने हौदाचा काठ घट्ट धरला. आत बाकीस गात, उड्या मारत होता.

"बाकीस, पुरे!" ती ओरडली. "वर ये, पाय धू. आणि हिच्याबरोबर आत्ताच्या आत्ता शहरात जाऊन रक्त देऊन ये."