वाढत्या मापाचं

घरमालकीण मोहितेकाकूंनी पिल्लाचा पंजा उचलून चिमटीत दाबला.

“लहान जातीचं म्हणून हो म्हटलं मी. हे पंजे तर शाळेच्या बुटांसारखे वाढत्या मापाचे आहेत.”

“पॉमेरेनियन आहे, काकू. मांडीवर मावेल एवढंच राहील,” माझा नवरा घाईने म्हणाला.

“आधीचा भाडेकरूही हेच म्हणायचा. त्याचं कुत्रं उभं राहून दाराची कडी काढायचं.”

काकूंनी पिल्लाला मानेपासून शेपटीपर्यंत वीत लावली. मग त्यांची नजर माझ्या नव्या, ढगळ कुर्त्यावर आली आणि तिथेच थांबली. मी ओढणी पुढे घेतली.

“हाही वाढत्या मापाचा घेतलास?”

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. त्याला मी अजून सांगितलं नव्हतं.

“दोघंच राहणार म्हणाला होतात,” काकू तितक्याच संशयाने म्हणाल्या. “खरं सांग, आंबट काय खावंसं वाटतंय?”