कानाची पाळी

साहेबांच्या कानाच्या पाळीवर तिरकी चुणी होती. अशी चुणी हृदयविकाराची खूण असू शकते, असं त्यांच्या हाताखालच्या उपव्यवस्थापकाने नुकतंच वाचलं होतं. साहेब तर सिगारेटवर सिगारेट ओढायचे. त्यांची खुर्ची रिकामी झाली, तर पुढचा नंबर आपलाच, हे ओळखून तो मूग गिळून बसला. उलट जेवणानंतर गच्चीवर स्वतःच्या हाताने त्यांची सिगारेट पेटवून देऊ लागला.

साहेबांना झटका आला. दवाखान्याच्या दारात वहिनी दिसताच त्याची मान खाली गेली.

"भाऊजी, सिगारेट सोडा म्हणून मी कानीकपाळी ओरडत आले," त्या त्याचे हात धरून म्हणाल्या. "आता तुम्हीच समजवा. ते फक्त तुमचंच ऐकतात."