सिंदी स्टेशनवरची चप्पल
हर्षा वर्ध्याहून दर रविवारी ऑनलाइन कथालेखन शिकवायची. नाव नोंदवताना सिंदीच्या वासुदेवरावांनी तिला आपल्या बायकोबद्दल सांगितलं होतं, "रुख्माले आता काहीच आठवत नाई, म्याडम. आमची गोष्ट नीट लिहाले शिकवा. तिले वाचून दाखवीन." शिकवणं सोपं नव्हतं. नेटवर्क गेलं की त्यांची वाक्यं अर्धीच पोचायची. आज मात्र ते गोष्ट पूर्ण करून आले आणि रुख्माबाईंना शेजारी बसवून वाचू लागले. लग्नानंतर सिंदी स्टेशनवर उतरताना नव्या नवरीची चप्पल रुळांवर पडली. नवऱ्यानं आपल्या चपला तिच्यापुढे ठेवल्या आणि तापलेल्या रस्त्यानं तो अनवाणी घरी आला. त्या मोठ्या चपला पायातून सारख्या निसटत होत्या म्हणून ती वाटभर हसत होती. ऐकताना रुख्माबाईही तोंडाला पदर लावून हसल्या. वासुदेवरावांनी कागद खाली ठेवला आणि आशेनं त्यांच्याकडे पाहिलं. "पोरगा चांगला होता थो," त्या म्हणाल्या. "मंग त्या पोरीचं काय झालं, भाऊ?" वासुदेवरावांनी हात पुढे करून माइक बंद केला. पडद्यावर त्यांचे ओठ बराच वेळ हलत राहिले. हर्षाला एक शब्दही ऐकू आला नाही. तिला एवढंच दिसलं, की परक्या माणसाचं सांत्वन करावं तशा रुख्माबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.