नेटवर्क ठणठणीत आहे

साहेबांच्या हुकमावरून तिने सकाळी अकराला दादांचं सर्व्हरवरचं लॉगिन बंद केलं. आयपी म्हणजे काय, पोर्ट म्हणजे काय, हे तिला ती नोकरीला लागली तेव्हा ऑफिसातल्या या दादांनीच शिकवलं होतं. पाचच मिनिटांत त्यांचा घरून फोन आला.

"अगं, माझा पासवर्ड घेत नाहीये. बघतेस जरा?"

शेजारी उभे असलेले साहेब कुजबुजले, "नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे म्हणून सांग."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"दादा, नेटवर्क ठणठणीत आहे. तुम्हाला नोकरीवरून काढलंय, आणि तोंडावर सांगायची साहेबांची छाती नाही!"

तिने फोन स्पीकरवर टाकून साहेबांपुढे धरला. "बोला आता!"

साहेब दाराकडे वळले.

तेवढ्यात दादांनीच विचारलं, "साहेब, गेल्या आठवड्यात हिचं लॉगिन बंद करायला मी नाही म्हणालो, म्हणून का?"