सैल भराव

“अजून पिऊनच राह्यली जमीन, साहेब,” पंपवाला गजेंद्र रत्नदीपला म्हणाला. रत्नदीपचा म्हातारा बाप कवडू पुढं सरकून वाकून पाहू लागला.

फरशीला पाडलेल्या भोकातून सिमेंटची पातळ स्लरी कालपासून खाली चालली होती. गिअर घासायची रत्नदीपची नवी मशीन एका बाजूनं खचत होती. केसभर कलली तरी माल बाद! पुण्याची नोकरी सोडून पोरानं सिंदीत, घरच्या वावरात हा कारखाना टाकलेला. सोमवारी गिअर घेणाऱ्या कंपनीचे लोक माल तपासायला येणार होते. नापास झाला तर कुलूपच लावा म्हणायचं.

काळी जमीन आधीच बेभरवशाची. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. त्यात मशीनखाली जुनी विहीर. बाबांनी ती मुरूम घालून, ठोकून बुजवलीय, भराव सैल असेल, स्लरीनं घट्ट करू, असं रत्नदीपनं गजेंद्रला सांगितलं होतं.

बुजवलेली कुठली! शेड उभं राहिलं तेव्हा रत्नदीप पुण्यात होता. कवडूनं विहिरीवर नुसता स्लॅब टाकला, माती पसरली आणि फोनवर ठोकून दिलं, बुजवली म्हणून. गावच्या विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते, त्या काळी त्याच्या माय-बापानं ती खोदली होती. माय पोटुशी असून टोपल्यानं माती वर ओढायची. पोटात कवडूच होता. अशा विहिरीत मुरूम लोटायला माणसाचा हात उचलेल तरी कसा? आता सांगितलं तर पोरगा ती भरूनच टाकेल, या धास्तीनं म्हातारा तोंड शिवून बसला होता. स्लरी आजूबाजूच्या मातीतच जाते आहे, अशी आपली समजूत घालत होता.

शेवटी रत्नदीपचा पारा चढला. “गजेंद्र, एवढा माल जाऊन कुठं राह्यला? मले येडं समजतं काय? गुंडाळ तुहा पंप अन् निंघ!”

गजेंद्रचं तोंड एवढंसं झालं. कवडूला ते पाहवेना.

“त्याले काऊन बोलून राह्यला?” तो पुढं झाला. “विहीर बुजवलीच नाई म्या, लेका. वरून फक्त स्लॅब टाकला. जीवच नाई झाला माहा. तुह्या आजीनं...”

तेवढ्यात भोकातून करडी स्लरी बुडबुडत वर आली आणि फरशीवर पसरली.

“भरली!” रत्नदीप ओरडलाच. “बाबा, भरली! आता नाई हालत मशीन!” रागबीग कुठल्या कुठं गेला. त्यानं बापाला घट्ट मिठी मारली.

गजेंद्रनं पंप बंद केला, कपाळावरचा घाम पुसला.

“कवडूबाबा, कालच सांगतलं असतं न,” तो सहज म्हणाला, “त चारी बाजूनं पाया घेऊन वरून बीम टाकले असते. विहिरीले हातबी लावा लागला नसता.”