पहिल्या बर्फाचा डबा

तेहरानच्या वरच्या डोंगरात मोसमातला पहिला बर्फ पडला, आणि सकाळीच इराजची लेक गोलनार पायांत स्की चढवून रोपवेच्या पहिल्या खुर्चीत जाऊन बसली. रोपवे चालवणारा इराज कळ दाबणार, एवढ्यात उतारांची पाहणी करणारा त्याचा धाकटा भाऊ जहांगीर धापा टाकत खाली आला. त्याने झाकण लावलेला डबा पुढे केला.

“दादा, धर हे. आधी बघ.”

इराजने दोन्ही हात पाठीमागे नेले. तिथल्या खेळात पहिल्या बर्फाच्या दिवशी कुणी झाकून आणलेला बर्फ हातात घेतला, की घेणाऱ्याने गावाला मेजवानी द्यायची. आणणारा पकडला गेला, तर त्याच्या तोंडाला काळं फासायचं आणि मेजवानीही त्यानेच द्यायची. गेल्या वर्षी इराज फसला होता.

“दादा, आज खेळ नाही! नव्या बर्फाखालचा गेल्या वर्षीचा उरलेला बर्फ साखरेसारखा सुटा झालाय. माणसाचं वजन पडलं की अख्खा उतार खाली येईल.”

“वा! या वर्षी नाटक झकास बसवलंस की!” म्हणत इराजने किटलीची काजळी त्याच्या तोंडाला फासली. रांगेतल्या लोकांत एकच हशा पिकला. “चला मंडळी, कबाब जहांगीरकडे!”

त्यांतल्या दोघांनी जहांगीरला धरून ठेवलं. इराजने कळ दाबली. काकाला वेडावत गोलनार वर गेली.

थोड्या वेळाने वरून गडगडाट ऐकू आला.

 

जहांगीर हिसडा देऊन सुटला आणि फावडं घेऊन वर धावला, तेव्हा त्याचं ते काळं तोंड बघून इराजला पुन्हा हसू फुटलं.